कायदाच मालकाच्या बाजूने होता, मग गुलाम कोर्टात जिंकायचे कसे?

अमेरिकेतल्या गुलामगिरीबद्दल वाचताना एक गोष्ट भल्याभल्यांच्या डोक्यात बसत नाही. गुलामगिरी तर कायदेशीर होती, माणूस विकत घ्यायचा, कागद करायचे, मालक मेला की तो माणूस पोरांच्या नावावर चढायचा, सगळं अगदी रीतसर. मग त्यातलेच काही गुलाम त्याच कायद्याच्या कोर्टात जाऊन मालकावर केस ठोकायचे आणि चक्क जिंकायचे, हे कसं काय? एकट्या सेंट लुईस शहराच्या कोर्टात 1814 ते 1860 या काळात अशा तीनशेच्या वर केसेस दाखल झाल्या होत्या. आणि जज कोण, तर मालकांच्याच पंगतीत बसणारे.

याचं उत्तर शोधायला गेलं की "नैसर्गिक हक्क" हा शब्द समोर येतो आणि तिथेच बऱ्याच जणांचं वाचन थांबतं, कारण तो शब्द ऐकला की कॉलेजातलं राज्यशास्त्राचं पेपर दोन आठवतं. तर तो जरा सोपा करून बघू.

नैसर्गिक हक्क म्हणजे नक्की काय

काही हक्क सरकार देतं, मतदान, पेन्शन, जमिनीवर विहीर खणायची परवानगी वगैरे. सरकारने नियम बदलला की ते हक्क पण बदलतात. नैसर्गिक हक्क म्हणजे जे कुणी दिलेले नाहीत, माणूस जन्मला की त्याच्यासोबतच आलेले, आणि त्यातला पहिला म्हणजे माझं शरीर माझं. 17 व्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन लॉकने हे नीट मांडलं, की सरकार असले हक्क तयार करत नाही, ते फक्त राखायला बसवलेलं असतं. याच्या उलट बाजूला लिखित कायदा, म्हणजे राजाने किंवा संसदेने मुद्दाम बनवलेला नियम.

आता यात गंमत अशी की ही कल्पना लॉकच्या आधी हजारबाराशे वर्षं तरी लोकांना माहीत होती. सम्राट जस्टिनियनच्या काळात रोमन कायद्याचं जे मोठं संकलन झालं त्यात स्पष्ट लिहिलंय की गुलामगिरी निसर्गाच्या विरुद्ध आहे. लिहिलं आणि गुलाम ठेवले! म्हणजे नुसतं तत्त्व माहीत असून कुणाची बेडी निघत नाही. तत्त्वाला कोर्टात काहीतरी काम द्यावं लागतं, आणि ते काम काय द्यायचं हे ज्या वकिलांना सुचलं ते जिंकले.

वकील त्याचं करायचे काय

समजा तुमच्या वडिलोपार्जित जमिनीवर एक माणूस येऊन कुंपण घालतो आणि म्हणतो ही माझी, मी गणपतरावांकडून घेतली, हे बघा खरेदीखत. तुम्ही काय विचाराल? गणपतरावांकडे ही आली कुठून? त्यांनी कुणाकडून घेतली? ते म्हणतील सदाशिवरावांकडून, मग सदाशिवरावांकडे कुठून? मधले दहा कागद कितीही पक्के असोत, पहिल्या माणसाने जर जमीन नुसती दांडगाईने बळकावली असेल तर पुढचे सगळे कागद रद्दी. आणि मुख्य म्हणजे हे सिद्ध करायचं काम कुंपण घालणाऱ्याचं, तुमचं नाही.

गुलामांच्या वकिलांनी नेमकं हेच केलं. प्रत्येक माणूस मुळात स्वतःचा, हे एकदा मान्य झालं की मालकाला सांगावं लागतं की हा माणूस त्याच्या स्वतःच्या मालकीतून बाहेर कधी गेला, कुठल्या कायद्याने गेला, आणि तुझ्याकडे कसा आला. याला कोर्टाच्या भाषेत पुराव्याचं ओझं म्हणतात, म्हणजे दोघांपैकी सिद्ध कुणी करायचं, आणि करता आलं नाही तर हरणार कोण. माझ्या मते या सगळ्या खटल्यांचा जीव या एका प्रश्नात आहे.

स्कॉटलंडमधला जोसेफ नाइटचा खटला घ्या. लहानपणी आफ्रिकेतून जमैकात नेऊन विकलेला मुलगा, मालक जॉन वेडरबर्न त्याला घेऊन पर्थशायरला आला, तिथे नाइटचं लग्न झालं आणि तो म्हणाला मी चाललो. मालकाने अडवलं. नाइटच्या बाजूने इंग्लंडमधल्या सॅम्युअल जॉन्सनने (हो, डिक्शनरीवाला) 1777 मध्ये एक छोटं टिपण तोंडी सांगून लिहून घेतलं होतं, ते आजही वाचण्यासारखं आहे. त्याचं म्हणणं साधारण असं: कुणीही माणूस निसर्गतः दुसऱ्याची मालमत्ता नसतो, म्हणून हा निसर्गतः स्वतंत्र. हा हक्क त्याने कसातरी गमावला असं दाखवल्याशिवाय तो काढून घेता येत नाही. गुन्हा करून माणूस स्वतःचं स्वातंत्र्य घालवू शकतो, पण पोरांचं घालवू शकत नाही. आणि हा मालक सांगतो काय, तर मी एका व्यापाऱ्याकडून घेतला, पण त्या व्यापाऱ्याला विकायचा हक्क होता का हे कधी कुणी तपासलंच नाही. झालं ना गणपतरावांचं! जानेवारी 1778 मध्ये स्कॉटलंडच्या कोर्टाने सांगून टाकलं की जमैकाच्या कायद्याने मिळवलेला हा ताबा अन्यायाचा आहे आणि तो इथे अजिबात चालणार नाही.

सॉमरसेटचा खटला, आणि त्याबद्दलचा गैरसमज

याच्या आधीचा आणि जास्त गाजलेला खटला म्हणजे जेम्स सॉमरसेटचा. व्हर्जिनियात विकत घेतलेला हा माणूस, मालक चार्ल्स स्ट्यूअर्ट कस्टममधला अधिकारी, 1769 मध्ये त्याला लंडनला घेऊन आला. तिथे सॉमरसेटचा बाप्तिस्मा झाला, आणि ऑक्टोबर 1771 मध्ये तो सरळ निघून गेला. स्ट्यूअर्टने त्याला नोव्हेंबरात पकडून एका जहाजावर चढवलं, जमैकाला नेऊन विकायला. पण बाप्तिस्म्याच्या वेळी जे धर्मपालक म्हणून उभे राहिले होते त्या तिघांनी कोर्टात धाव घेतली आणि हेबियस कॉर्पसचा आदेश मिळवला. हेबियस कॉर्पस म्हणजे कोर्ट म्हणतं, माणूस हजर कर आणि कुठल्या कायद्याने अडकवून ठेवलायस ते सांग.

बघा, इथेच अर्धी लढाई झाली. सॉमरसेटला "मी स्वतंत्र आहे" हे सिद्ध करायची गरजच उरली नाही, जहाजाच्या कॅप्टनला लेखी उत्तर द्यावं लागलं की मी याला का बांधलाय. उत्तर होतं, आफ्रिकेत आणि व्हर्जिनियात गुलाम कायद्याने चालतात आणि हा स्ट्यूअर्टचा आहे. मग प्रश्न एवढाच की हे उत्तर पुरतं का.

सॉमरसेटच्या बाजूने पाच वकील होते, त्यातला फ्रान्सिस हारग्रेव्ह अगदी नवखा, पण त्याने तयारी जबरदस्त केली होती. माणूस स्वतःला करार करून विकू शकतो का, तर नाही, कारण लॉक म्हणतो की स्वतःच्या जिवावर जो अधिकार माझ्याकडेच नाही तो मी दुसऱ्याला देणार कुठून. बरं समजा एखाद्याने विकलं स्वतःला, तरी त्याच्या न जन्मलेल्या पोराने कुठे सही केली होती? आणि इंग्लंडच्या जुन्या कायद्यात वेठबिगार कुळं होती हे खरं, पण ती पद्धत कधीच संपली आणि नवी कुणी आणलेली नाही.

न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्डला निकाल द्यायचाच नव्हता. त्याने आडून आडून सुचवलं की आपसात मिटवा, मालकानेच सोडून द्या ना. कारण त्याच्यासमोर आकडा होता, इंग्लंडमध्ये असे चौदा-पंधरा हजार लोक, प्रत्येकाची किंमत 50 पौंड धरली तर केवढं नुकसान. कुणी ऐकेना, तेव्हा 22 जून 1772 ला त्याने निकाल दिला: गुलामगिरी इतकी घृणास्पद आहे की तिला लिखित कायद्याशिवाय दुसरा कशाचाच आधार चालणार नाही, आणि इंग्लंडमध्ये असा कायदा मला दिसत नाही, म्हणून याला सोडा.

आता गैरसमज. या निकालाने इंग्लंडमधली गुलामगिरी संपली असं लोक सर्रास लिहितात. तसं नाही. मॅन्सफील्डने पुढे स्वतःच सांगितलं की मी फक्त एवढंच म्हटलं होतं की मालकाला गुलाम जबरदस्तीने देशाबाहेर नेता येणार नाही. आणि याच माणसासमोर 1783 मध्ये झाँग जहाजाचं प्रकरण आलं, गुलाम म्हणून नेत असलेली शंभराहून जास्त जिवंत माणसं समुद्रात फेकून दिलेली, तर खटला विम्याच्या पैशाचा होता, खुनाचा नाही. याच्याच घरात त्याच्या भाच्याची मुलगी डायडो बेल वाढत होती, तिची आई गुलाम होती, आणि तिच्या स्वातंत्र्याला धक्का लागू नये म्हणून म्हाताऱ्याने मृत्युपत्रात तसं वेगळं लिहून ठेवलं. म्हणजे आपल्या निकालावर त्याचा स्वतःचा किती भरवसा होता ते समजून घ्या.

पण ज्या ठिकाणी लिखित कायदा मालकाचाच होता तिथे काय

हा प्रश्न बरोबर आहे. इंग्लंडमध्ये कायदा नव्हता म्हणून जमलं. मॅसॅच्युसेट्समध्ये जमलं ते वेगळ्या कारणाने, आणि हा माझा सगळ्यात आवडता खटला आहे.

शेफील्ड गावात कर्नल जॉन अ‍ॅशली नावाचा बडा माणूस, त्याच्या घरी बेट नावाची गुलाम बाई. एक दिवस अ‍ॅशलीची बायको चुलीतला तापलेला खोऱ्या उचलून घरातल्या एका मुलीवर धावली, बेट मधे पडली आणि तो तिच्या हातावर बसला. जखम भरली तरी वण राहिला, आणि पुढे ती तो कधी झाकायची नाही, कुणी विचारलं की म्हणायची बाईसाहेबांनाच विचारा. 1780 मध्ये राज्याची नवीन राज्यघटना आली, त्यातलं पहिलंच कलम म्हणतं की सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत आणि त्यांना काही नैसर्गिक हक्क आहेत. बेटच्या कानावर हे कुठून पडलं याच्या दोन-तीन कहाण्या सांगतात, पण ती उठून थिओडोर सेजविक नावाच्या वकिलाकडे गेली हे नक्की.

आणि हा सेजविक म्हणजे कोण? 1773 मध्ये इंग्रज सरकारविरुद्ध शेफील्डच्या लोकांनी जो ठराव केला तो अ‍ॅशलीच्याच घरी बसून लिहिला गेला होता, लिहिणारा सेजविक, आणि त्यात होतं की सगळी मानवजात निसर्गतः समान आणि स्वतंत्र आहे. एकीकडे बेट घरातली कामं करतेय आणि त्याच घरात मालक मानवजातीच्या स्वातंत्र्यावर सही करतोय, काय बोलायचं.

सेजविकने केस लावली ती पण बघण्यासारखी. "रेप्लेविन" नावाचा दावा, जो खरं तर कुणी तुमची वस्तू बेकायदा अडकवून ठेवली असेल तर सोडवायला करतात, गाय म्हणा, गाडी म्हणा. अ‍ॅशलीने सोडायला नकार दिला, म्हणाला हे माझे जन्मभराचे नोकर आहेत. म्हणजे परत तेच, ताब्याचा हक्क दाखवायची पाळी त्याच्यावर आली. ऑगस्ट 1781 मध्ये ग्रेट बॅरिंग्टनच्या कोर्टात ज्युरीने सांगितलं की बेट आणि तिच्याबरोबर दाव्यात असलेला दुसरा गुलाम ब्रॉम हे अ‍ॅशलीचे नोकर नाहीत, वर 30 शिलिंग भरपाई. बेटने एलिझाबेथ फ्रीमन असं नाव घेतलं. दोन वर्षांनी क्वॉक वॉकर नावाच्या गुलामाच्या प्रकरणात तिथल्या मुख्य न्यायाधीशाने ज्युरीला हेच कलम वाचून दाखवलं, आणि 1790 च्या जनगणनेत मॅसॅच्युसेट्सच्या रकान्यात गुलाम शून्य.

मग दक्षिणेत तेच वाक्य असून का नाही चाललं

व्हर्जिनिया राज्याच्या हक्कांच्या जाहीरनाम्यात पण सगळे लोक निसर्गतः स्वतंत्र असं होतं की! मग? तिथे 1806 मध्ये हजिन्स विरुद्ध राइट असा खटला झाला. आजी, आई आणि मुलगी अशा तीन पिढ्यांच्या बायका, म्हणणं असं की आमचा वंश आईकडून मूळच्या अमेरिकन आदिवासी बाईपासून येतो म्हणून आम्ही स्वतंत्र. खालच्या कोर्टात जॉर्ज विथने निकाल दिला की स्वातंत्र्य हा प्रत्येक माणसाचा जन्मसिद्ध हक्क आहे आणि दुसऱ्याला गुलाम म्हणणाऱ्याने ते सिद्ध करावं. एका ओळीत अख्खी गुलामगिरी धोक्यात! कारण किती मालकांकडे आफ्रिकेपर्यंतचे कागद असणार होते?

वरच्या कोर्टाने बायकांना सोडलं, पण विथचं कारण उचलून फेकून दिलं. त्यांनी नियम असा केला की माणूस गोरा किंवा आदिवासी दिसत असेल तर सिद्ध करायचं काम मालकाचं, आणि काळा दिसत असेल तर त्याने स्वतःच सिद्ध करायचं की मी स्वतंत्र आहे. जजसाहेबांनी केसांचं वळण आणि रंग यावर पानंच्या पानं लिहिलीत. तत्त्व नाकारायची त्यांना गरजच पडली नाही, फक्त ओझं कुणाच्या डोक्यावर ते बदललं आणि काम झालं.

यात थॉमस जेफरसनचं पण नाव घ्यायला हवं. 1770 मध्ये वकील म्हणून त्याने सॅम्युअल हॉवेल नावाच्या माणसासाठी कोर्टात सांगितलं होतं की निसर्गाच्या कायद्याने सगळे स्वतंत्र जन्मतात. कोर्टाने समोरच्या वकिलाला बोलूसुद्धा न देता केस काढून टाकली, आणि तो समोरचा वकील म्हणजे हाच विथ. जेफरसनने पुढे स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिला आणि आयुष्यभरात सहाशेच्या वर माणसं मालकीची ठेवली.

मालमत्ता हा पण नैसर्गिक हक्कच होता ना

हो, आणि मालकांचे वकील काही बावळट नव्हते. लॉकच्या यादीत जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता असे तिन्ही होते, आणि लॉकचे स्वतःचे पैसे गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत होते. त्यामुळे ते म्हणायचे, मी पैसे मोजलेत, माझा हक्क बुडवणारे तुम्ही कोण. ड्रेड स्कॉट नावाच्या गुलामाच्या 1857 च्या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने हेच धरलं, की मालकाची मालमत्ता काढून घेता येणार नाही, आणि जाहीरनाम्यातल्या "सगळी माणसं" मध्ये काळी माणसं धरलेलीच नव्हती. त्याआधी 1825 मध्ये मुख्य न्यायाधीश मार्शलने अँटेलोप जहाजाच्या प्रकरणात तर सरळ मान्य केलं होतं की गुलामांचा व्यापार निसर्गाच्या कायद्याविरुद्ध आहे, पण देशोदेशी चालत आलाय ना, मग मी काय करू.

म्हणजे शेवटी टेक्निकल मुद्द्यावरच सुटायचे?

बऱ्याचदा हो. अमिस्ताद जहाजावरच्या आफ्रिकन लोकांच्या खटल्यात 1841 मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्सने कोर्टातल्या खांबावर लावलेल्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याकडे हात करून सांगितलं की माझ्या अशिलांना लागू होणारा निसर्गाच्या कायद्याशिवाय दुसरा कायदा मला माहीत नाही. भाषण गाजलं. पण कोर्टाने सोडलं ते कागद खोटे निघाले म्हणून. स्पेनने आफ्रिकेतून नवीन गुलाम आणायला बंदी घातली होती, म्हणून या लोकांना स्पॅनिश नावं देऊन क्युबातले जुने गुलाम असं दाखवलं होतं, आणि त्यातल्या लहान पोरींना स्पॅनिशचा एक शब्द येत नव्हता. पण कागद तपासायचेच कशाला, तर माणूस मुळात स्वतंत्र धरला म्हणून. त्याला सामान धरलं असतं तर जहाजावरच्या बाकी पेट्यांसारखी पावती पाहून सोडून दिला असता. म्हणून टेक्निकल आणि तात्त्विक अशी वाटणी मला पटत नाही.

याचा आपल्याशी संबंध आहे का

आहे, आणि थेट आहे. फ्रेंचांच्या रेयुनियन बेटावर फुर्सी नावाचा माणूस होता, त्याची आई मादलेन बंगालमधल्या चंदननगरची, लहानपणी विकली गेलेली आणि मधे फ्रान्सला नेलेली. 1817 मध्ये फुर्सी कोर्टात म्हणाला की माझ्या आईचे पाय फ्रान्सच्या जमिनीला लागले तेव्हाच ती सुटली, आणि भारतीय लोक तर मुळातच स्वतंत्र. बक्षीस म्हणून जेल मिळाली. डिसेंबर 1843 मध्ये पॅरिसच्या कोर्टाने निकाल दिला की तो जन्मतःच स्वतंत्र होता, म्हणजे केस सव्वीस वर्षं चालली.

त्याच 1843 साली कंपनी सरकारने भारतात गुलामगिरीबद्दल एक कायदा केला, त्या सालचा कायदा क्रमांक पाच. जोतीराव फुल्यांनी अमेरिकेत गुलामगिरीविरुद्ध झटलेल्या लोकांना आपलं पुस्तक अर्पण केलं हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं, हा कायदा मात्र फार कुणाला माहीत नसतो. त्यात "गुलामगिरी बंद" अशी घोषणा नाहीच, फक्त एवढं की अमुक माणूस माझा गुलाम आहे या दाव्यावरून कोर्ट कुणालाही काहीही मिळवून देणार नाही. मॅन्सफील्डची आयडिया, कागदाचा आधारच काढून घ्यायचा. घरातली, शेतावरची वेठ अर्थातच चालू राहिली, कारण जो कोर्टाची पायरीच चढत नाही त्याला या कायद्याने काय फरक पडणार.

हे ओझ्याचं कोडं आपल्याकडे खऱ्या अर्थाने सुटलं ते 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात. त्यातलं कलम 15 बघा: मजूर म्हणाला की हे कर्ज वेठबिगारीचं आहे, तर ते तसं नाही हे सावकाराने सिद्ध करायचं. फरीदाबादच्या दगडखाणीतल्या मजुरांच्या केसमध्ये हरियाणा सरकार म्हणत होतं की जबरदस्तीचं काम असेलही, पण उचल घेतली होती हे मजुरांनी दाखवावं. डिसेंबर 1983 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते झिडकारलं आणि म्हटलं की जबरदस्तीचं काम दिसलं की उचलीपायीच आहे असं आम्ही धरून चालणार, नसेल तर मालकाने आणि सरकारने दाखवावं.

वीटभट्टीवर किंवा उसाच्या फडात उचल घेतलेला प्रत्येक जण कायद्याने वेठबिगार ठरतो असं नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर लोक अंगावर येतील. पण उचल फिटेपर्यंत जाऊच देत नाहीत, दुसरीकडे काम करू देत नाहीत, बायकापोरांना थांबवून ठेवतात, असं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा जिल्हा आणि उपविभागाच्या दक्षता समितीकडे तक्रार करता येते. मजुराकडे हिशोबाचा एक चिटोरा नसला तरी चालतो, वही घेऊन यायचं काम मुकादमाचं आणि भट्टीमालकाचं.